लेपात अंडं नको

दूध तापवून झाकलंय. उडदाचं पीठ संपलं. माझी उजवी चप्पल खाटेखालीच राहू दे.

अहो, मी माझ्या भावाबरोबर, चनमल्लप्पादादाबरोबर, इस्पितळात चालले. माझ्या घोट्याचं हाड वाकडं जुळलंय. ते पुन्हा मोडून स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसवणार आहेत. हाडवैद्याच्या लेपात अंडं असतं, ते आपल्या घरात चालत नाही, म्हणून तुमच्या आईंनी घरीच उडदाच्या पिठाचा लेप लावला. दीड महिना पायाला बांबूच्या कामट्या बांधून पडून राहिले. काल त्या म्हणाल्या, "पाय लंगडा असला तरी भाकरी थापायला हात हायत की." तुम्ही हसलात.

ऑपरेशनच्या कागदावर सही दादाने केली. आलात तर एकटे या.

पडले त्याच दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन ऑपरेशन सांगितलं होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

रत्नम्मा