टेपला बांधलेली मशीनं

प्रिय शहाण्या,

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तुला विचारायचं सुचलं नाही, म्हणून मीच सांगते. मी दवाखान्यात होते तेवढे दिवस तू बाबांजवळ राहिलास, फार उपकार झाले! घरी आले तर ते खिडकीशी नुसते बसलेले. कान रिकामे, गळा रिकामा. ऐकायची मशीनं तू ड्रॉवरमध्ये टाकलेलीस आणि गळ्यातली मापाची टेप कचऱ्यात. ध्यान दिसतात म्हणे. अरे, त्या टेपवर तुझं शिक्षण झालंय. जन्मभर सकाळी टेप गळ्यात पडली की यांचं शिवणकाम सुरू. आता दुकान नाही, त्यांना माझं नावही आठवत नाही, पण टेपला अडकवलेली वस्तू गिऱ्हाइकाची, ती हरवायची नाही, एवढं हाताला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी दोन्ही मशीनं दोऱ्याने टेपला बांधली होती. त्याआधी एक साखरेच्या डब्यात सापडायचं, दुसरं उशीच्या अभ्र्यात.

तुझं म्हणणं, सगळं विसरतातच, तर ऐकून करायचंय काय? माझं डोकंच फिरलं. तसंच, काही ऐकू येत नसताना, तू त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. त्यांनी प्रश्न विचारले, हे गप्प. झालं, आता काही उरलं नाही म्हणून तू वृद्धाश्रमात खोली ठरवून मोकळा! मी खुळी नाही. हा आजार बरा होणार नाही, कळतं मला. मशीन घालूनही त्यांनी मला शिकाऊ कारागीर समजून काजं नीट कर म्हणून दटावलंय. पण दटावलं तरी! मी उलट बोलले, तर हसले.

काल नवी टेप आणून सगळं परत बांधलं. संध्याकाळी तुझा फोन आला. मी डोळ्यात थेंब घालत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. बाबांना कुठेही नेऊन ठेवलं तरी त्यांना काय कळणार, असं तू म्हणालास. ते माझ्या शेजारीच होते. उठले, बूट चढवले आणि दाराशी खुर्ची ओढून बसले. कुठे जायचंय ते आज विसरलेत, पण बूट काढू देत नाहीत. जेवलेसुद्धा तसेच. सारखं विचारतात, न्यायला कोण येणार?

तू येणार. म्हणून हे पत्र. मी कशालाही हो म्हणणार नाही. फोन करू नकोस, ये. त्यांच्यासमोर बस आणि कुठे न्यायचंय ते तुझ्या तोंडाने सांग. ओरडू नकोस, नेहमीच्या आवाजात सांग. त्यांना ऐकू येतं.

तुझीच,
आई