पूल पुन्हा मोडलेला

३ मार्च, सोमवार

पूल पुन्हा मोडलेला. काल अडीच तास खपून बांधला होता – खांब, फळ्या, दोर, सगळं. सेव्ह केलं. पडद्यावर 'जतन झालं' असं आलंसुद्धा. आज उघडून बघतो तर नदी मोकळी, आणि काठावर ती टोपलीवाली बाई मला नव्यानं विचारतेय, 'पूल कधी होणार?'

बाई, दुसऱ्यांदा सांगतो. झाला होता.

हा कम्प्युटरवरचा खेळ बाजारात येऊन आठच दिवस झालेत. आमच्या लेकीनं आणि तिच्या चार सोबत्यांनी तीन वर्षं घासून केलेला. पुरात वाहून गेलेलं गाव आपण पुन्हा उभं करायचं. आधी पूल, मग गिरणी, मग शाळा, आणि सगळ्यात शेवटी कड्यावर चढणारी लिफ्ट. जाहिरातीच्या चित्रात ती लिफ्ट दिसली म्हणून तर मी हा उद्योग मागे लावून घेतला. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लेकीनं केलेली लिफ्ट कशी चालते ते बघायचंय. बाकीचं गाव गेलं उडत.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा पूल गेला तेव्हा आतून बरं वाटलं होतं. 'मी म्हटलं नव्हतं?' – तसलं बरं. लिहिताना लाज वाटते. पण ही वही कोण वाचतंय.

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. कम्प्युटर बंद केला आणि भिंतीवरचं बटणही. ही म्हणाली, "अहो, बटणावर राग कशाला काढता?" राग नाही. सवय आहे. काम संपलं की मेन बंद.

६ मार्च, गुरुवार

दुपारी लेकीचा फोन. म्हणजे हिला. गेली तीन वर्षं असंच चाललंय. फोन हिला येतो, मी खुर्चीतून विचारतो, "बरी आहे ना?", ही फोनमध्ये सांगते, "बाबा विचारतायत", तिकडून काहीतरी येतं, ही म्हणते, "बरी आहे." टपालखातं.

तीन वर्षांपूर्वी तिनं चांगली कायमची नोकरी सोडली त्या दिवशी मी बोललो होतो, "एवढं शिकून सवरून खेळणी करणार?" ती ताट तसंच ठेवून उठली. मला वाटलं, दोन दिवसांनी येईल बोलायला. ती तिकडे थांबली, मी इकडे. वर्षं गेली.

आज हिचा फोन नेहमीपेक्षा लांबला. मी पेपर धरून बसलो होतो, ओळ एकच. ठेवल्यावर ही म्हणाली, "खेळात काहीतरी बिघाड आहे. लोकांचं केलेलं काम पुसलं जातंय. नेमका तो भाग आपल्या लेकीनंच लिहिलाय. सगळे तिच्याकडे बघतात म्हणे. आणि ऑफिसच्या कम्प्युटरवर काही केल्या बिघडत नाही. नीट चालतं."

म्हणजे मी एकटा नाही.

नीट चालणारं यंत्र बघून फॉल्ट सापडत नसतो. मला हे सांगायचं होतं. कुणाला सांगणार?

७ मार्च, शुक्रवार

लोकांनी काय काय लिहिलंय ते नेटवर वाचलं. वाचायला नको होतं. 'फसवणूक.' 'हे बनवणाऱ्यांना कम्प्युटर तरी चालवता येतो का?' एकानं लिहिलंय, 'ज्यानं हा सेव्हचा भाग लिहिला त्याला पुराच्या पाण्यात सोडा.'

त्याला नाही. तिला. लहानपणी वरणात पडलेली मुंगी चमच्यानं बाहेर काढून खिडकीत नेऊन ठेवायची ती.

'मी म्हटलं नव्हतं' वालं बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं. संध्याकाळी जुनी कामाची वही काढली. कोरी पानं शिल्लक होती. चार रकाने आखले – लक्षण, केव्हा, आधी काय केलं, मग काय झालं. कामावर असताना प्रत्येक लिफ्टची अशी वही असायची.

हिनं डोकावून पाहिलं. "तिला सरळ फोन करा की."

"आणि काय सांगू? तुझा खेळ बिघडलाय? तिला वाटेल, बाप पुन्हा चुका काढायला बसला."

ही चष्मा पुसून माझ्यापुढे ठेवून गेली.

९ मार्च, रविवार

पूल टिकला! सकाळी बांधला. मग सगळं बंद करून, जेवून, दुपारी पुन्हा उघडला – उभा. टोपलीवाली बाई पलीकडे पोचलेली.

आनंद झाला, पण तासाभरात डोकं खाजवायला लागलो. न बिघडलेलंही वहीत लिहावं लागतं. आज काय वेगळं केलं? काहीच नाही.

१० मार्च, सोमवार

गिरणी बांधली. सेव्ह केली. बंद केलं. उघडलं. पूल आहे, गिरणी गेली.

कधी राहतं, कधी जातं. असला फॉल्ट सगळ्यात वाईट. कायमचं बंद पडलेलं यंत्र गरीब असतं, तपासू देतं. अधूनमधून बिघडणारं मात्र मेकॅनिक आला की शहाण्यासारखं वागतं.

खेळाच्या मदत कक्षाला पहिलं पत्र टाकलं. चारही रकाने उतरवून काढले. नाव विचारत होते. 'पाना' असं लिहिलं. हातात चौतीस वर्षं तोच होता.

११ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. 'आदरणीय पाना, इतक्या नीट तपशिलात आजवर कुणीच लिहिलं नव्हतं. कृपया आणखी कळवाल का?' खाली नाव नाही, नुसतं 'मदत कक्ष'.

'कृपया' आणि 'कळवाल का' दोनदा वाचलं. लेक असेल का? तिची मराठी चांगली होती शाळेत.

१२ मार्च, बुधवार

सापडलं!

सकाळी वही घेऊन बसलो. रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. रविवारी काय वेगळं केलं? मग आठवलं – रविवारी खेळ उघडण्याआधी नेट लावून लोकांची पत्रं वाचली होती. एरवी खेळताना मी नेट लावतच नाही, मध्येच जाहिराती डोकावतात.

पण नेटचा आणि पुलाचा काय संबंध? खेळाला तर नेट लागत नाही.

कम्प्युटर चालू केला आणि हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. आमचे हेडमिस्त्री हेच करायचे, आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं. ही म्हणाली, "चालू आहे ना?" मी म्हटलं, "बघतोय." आणि तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. कम्प्युटरच्या हिशेबानं मी अजून नोकरीत होतो!

नेट जोडलं. दोन-तीन मिनिटांत तारीख आपोआप बरोबर झाली.

आत एक बटणाएवढा सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला. तो मेलेला. मी रोज भिंतीवरचं बटण बंद करतो, की घड्याळ अकरा वर्षं मागे. नेट लावलं की पुढे. आणि खेळ बहुतेक तारीख बघून ठरवत असणार, नवं कोणतं आणि जुनं कोणतं. मी आज बांधलेली गिरणी त्याला अकरा वर्षांची शिळी वाटते. म्हणून ती फेकून देतो आणि आधीचं उघडतो.

वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. तीनदा नेट लावून खेळलो, तीनदा न लावता. तिन्ही वेळा राहिलं, तिन्ही वेळा गेलं. ही शेजारी बसून रकान्यात बरोबर-चूक लिहीत होती. सहाव्या खेपेला गिरणी गेली तेव्हा ही टाळी वाजवून म्हणाली, "गेली!" मोडलेलं बघून इतका आनंद झालेली दोन माणसं जगात दुसरी नसतील.

लगेच पत्र लिहिलं. मग वाटलं, एवढंच नको. ते उत्तर देणारं माणूस लेकच असेल तर? नसलं तरी हे कुणीतरी तिच्यापर्यंत नेईल. खाली आणखी लिहिलं –

'हा भाग ज्यांनी लिहिला त्यांना माझा एक निरोप द्या. मी यंत्रं दुरुस्त करायचो. कामाच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एक वायर सैल राहिली आणि अकरा माणसं दीड तास अडकून पडली. त्यांत एक बाई पोटुशी होती. कुणाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पेटी परत करायला गेलो. आमचे हेडमिस्त्री म्हणाले, ठेव ती खाली. ज्याच्या हातून बिघडलं त्यालाच ते सगळ्यात लवकर सुधारता येतं. तू घरी गेलास तर मी कुणाला बोलावू? मग मी चौतीस वर्षं राहिलो. तुमचं काम चांगलं आहे. पूल उत्तम आहे. एक घड्याळ चुकलं, एवढंच.'

हे मी घरात कधी कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. पाठवल्यावर हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "अकरा माणसं?"

"अकरा."

"आणि एवढी वर्षं पोटात ठेवलंत."

१३ मार्च, गुरुवार

उत्तर नाही. सेल बदलून आणला. खेळ उघडला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. लेकीचा फोनही नाही. ही दोनदा फोन उचलून बघते, वाजला तर नाही ना.

१५ मार्च, शनिवार

आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'आदरणीय पाना, तुमचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. आम्ही ऑफिसच्या कम्प्युटरची तारीख मागे नेली आणि दहा मिनिटांत आमचाही पूल गेला. सगळे ओरडले, आनंदानं. ज्यांचं ज्यांचं काम गेलं होतं त्या बहुतेकांची घड्याळं या ना त्या कारणानं चुकलेली निघाली. आता खेळ तारीख बघणार नाही, प्रत्येक वेळी जतन करताना पुढचा क्रमांक टाकेल. आणि गेलेलं काहीही खरं गेलेलं नाही. तो भाग लिहिणारीनं काढून टाकलेल्या गोष्टी पुसू दिल्या नव्हत्या, एका बाजूच्या कप्प्यात जपून ठेवल्या होत्या. सोमवारी दुरुस्ती येईल, सगळ्यांना सगळं परत मिळेल.

एक सांगायचं राहिलं. मी फक्त पत्रांना उत्तरं देते. तुमचा निरोप जिच्यासाठी होता, ती बुधवारी टेबल आवरत होती. राजीनामा लिहून झाला होता. मी तुमचं पत्र छापून तिच्या खोक्यावर ठेवलं. तिनं उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. मग खोक्यातून कीबोर्ड बाहेर काढला. दोन दिवस आम्ही कुणी जागचे हललो नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. क्षमा असावी.'

मोठ्यानं वाचत होतो. 'राजीनामा'पाशी अडलो. पुढचं हिनं वाचलं.

छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो हाच असावा. इतके दिवस तो आहे हेच मला कळलं नव्हतं. ही उठून तोंड धुऊन आली. म्हणाली, "आता तरी सांगा तिला." मी म्हटलं, "नको. तिला वाटू दे कुणा तिऱ्हाइतानं चांगलं म्हटलं. बापाचं कौतुक काय, घरचं असतं."

१७ मार्च, सोमवार

दुरुस्ती आली. खेळ उघडला. तीन पूल आणि चार गिरण्या यादीत उभ्या. 'कोणतं ठेवायचं?' असं विचारतो. सगळं ठेव बाबा.

लोकांची पत्रंही वाचली. पुराच्या पाण्यात सोडा म्हणणाऱ्यानं लिहिलंय, 'माझं गाव परत मिळालं. शब्द मागे घेतो.' ही म्हणाली, भला माणूस आहे. मी तेवढा मोठ्या मनाचा नाही, पण मलाही हायसं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

आज शाळा पुरी झाली आणि कड्याची लिफ्ट उघडली.

सगळ्यात आधी पाळण्याला तोलणारं वजन बघितलं. चित्रातल्या लिफ्टमध्ये वजन विसरतातच. पाळणा वर जातो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसतं, जणू देवानंच ओढला. इथे वजन होतं. पाळणा वर, वजन खाली, आणि मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडतात. बरोबर.

मग दार. मिटण्याआधी अर्धा क्षण थांबतं. ती सात वर्षांची असताना एकदा माझ्याबरोबर कामावर आली होती. तिनं विचारलं होतं, दार लगेच का मिटत नाही? मी सांगितलं होतं, लिफ्ट आधी श्वास घेते.

सहा वेळा वर गेलो, सहा वेळा खाली आलो. ही म्हणाली, "वर काय आहे?" मी म्हटलं, "माहीत नाही, बाहेर उतरलोच नाही."

खेळणी म्हणालो होतो मी.

२० मार्च, गुरुवार

फोन वाजला. माझा. लेक. "बाबा," म्हणाली, "आमच्याकडे एक खेळणारे काका आहेत, पानाकाका म्हणतो आम्ही त्यांना. तेही यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्यामुळे मी टिकले. तुमची गाठ घालून द्यावीशी वाटते. तुमचं त्यांच्याशी फार पटेल."

मी म्हटलं, "नाही गं पटत. चौतीस वर्षं एकाच पेटीतून हत्यारं काढतोय आम्ही, तरी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी येते," म्हणाली. "त्या अकरा माणसांचं मला पहिल्यापासून सांगा."