भिंतीकडे तोंड

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर काय करते, तर त्यांच्यामागे संडासात जाते. कॉलेजच्या स्पर्धांत मला ‘महिला साक्षीदार’ म्हणतात. शर्यत संपली की मुलीच्या मागे सावलीसारखं लागायचं, लघवी लागेपर्यंत तिच्याशेजारी बसायचं आणि ती बाटलीत पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. कुणी बंदीचं औषध घेऊन पळालं नाही ना, हे त्यावरून कळतं.

काल अंतिम फेरीच्या निवड शर्यतीत तुझी धावपटू टिटवी माझ्या वाट्याला आली. तिची प्रशिक्षक माझी सख्खी भाची आहे, हे मी डॉक्टरांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, बाई, आता दुसरी बाई आणू कुठून? टिटवीला दीड तास लागला. आत गेल्यावर पोर इतकी आक्रसली, की मी सरळ भिंतीकडे तोंड केलं. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला कपडे बदलतानाही भिंत बघायला शिकवलं होतं. ती खोड आता या वयात जायची नाही. बाहेर येऊन ‘प्रत्यक्ष पाहिले’च्या पुढे ‘होय’ लिहिलं आणि सही ठोकली. असले नियम करणाऱ्यांना आया-बहिणी नसाव्यात!

गुडघे दुखतात. तू जेवतेस का वेळेवर? लोभ आहेच, पत्राचं उत्तर दिलंस तर वाढेल.

तुझी आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. टिटवीच्या नमुन्यात औषध सापडलं. समितीने ते कायम केलं तर तिला दोन वर्षं कुठेच पळता येणार नाही, म्हणजे कॉलेजातलं पळणं संपलंच. रोज माझ्या खोलीत येते, कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर बसते आणि उठून निघून जाते.

समितीचा एक नियम आहे. साक्षीदाराने प्रत्यक्ष न पाहिलेला नमुना बाद होतो. तुझं पत्र माझ्या खणात आहे. तुला न विचारता ते कुणाला दाखवणार नाही. पण तू समितीपुढे येऊन जे झालं तेवढंच सांगितलंस, तर पोर सुटेल. खोटं बोल असं म्हणत नाही.

आत्या, थकले गं. सात वर्षांत अशी एकच मुलगी हाताला लागली. प्राचार्य सकाळ-संध्याकाळ विचारतात, पदकाचं काय झालं.

गुडघ्यांना शेक दे. माया पातळ करू नकोस.

ठकू

१ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

खोटं बोल म्हणत नाहीस, हे तुझे उपकारच! तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात नियम आहे, समिती आहे, प्राचार्य आहेत. पोरीने औषध घेतलं की नाही, एवढंच नाही. विचारलंस का तिला? की उत्तर नको म्हणून प्रश्नच नको?

आधी ठरवलं होतं, जायचंच नाही. मग तो ‘होय’ डोळ्यांपुढे आला. दुसरीच्या वहीतून नकाशा उतरवला म्हणून मी मुलींना वर्गाबाहेर उभं केलंय. आणि मी स्वतः न पाहिलेल्या गोष्टीखाली सही केली. मंगळवारी जाईन. तुझ्यासाठी नाही आणि टिटवीसाठी तर मुळीच नाही.

एकच अट. निकालाच्या आधी तिला विचार.

आज आशीर्वाद दिले आहेत ते सवयीने, हे ध्यानात ठेव.

आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

समितीचे अध्यक्ष तुझ्या वयाकडे बोट दाखवून तुला सोडवू पाहत होते. तू म्हणालीस, डोळे शाबूत आहेत, ते मी वळवले होते. नमुना बाद झाला. टिटवी सुटली. साक्षीदारांच्या यादीतून तुझं नाव काढलं, त्याचं वाईट वाटतं.

तुझी अट मी पाळली नाही. निकालाआधी धीर झाला नाही. परवा विचारलं. मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती सरळ हो म्हणाली. नोव्हेंबरपासून गोळ्या घेत होती. मला का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तिची वेळ एकाएकी तीन सेकंदांनी कमी झाली तेव्हा मी काही विचारलं नव्हतं, फक्त पाठ थोपटली होती. तिला वाटलं, ताईंना कळलंय आणि चालतंय.

आत्या, मला तेव्हाच शंका आली होती.

काल अंतिम फेरीची यादी पाठवली. टिटवीचं नाव काढलं. कारणाच्या रकान्यात सगळे ‘दुखापत’ लिहितात. मी लिहिलं, मुलीने औषध घेतलं होतं. मला शंका असूनही मी विचारलं नाही. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने बूट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि अनवाणी निघून गेली. चौकशी होईपर्यंत प्राचार्यांनी मला घरी बसवलंय.

तुला आवडेल तेवढंच रागाव.

ठकू

१५ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

शाबासकी मागू नकोस. उशिरा आलेल्या वहीला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. पण वही आली, हे खरं.

रविवारच्या शर्यतीत टिटवीच्या जागी कोण पळणार, याची मी चौकशी केली. फेब्रुवारीत टिटवीसकट पहिल्या तिघी निवडल्या होत्या. चौथी आली होती ती दुसऱ्या कॉलेजची एक बुटकी मुलगी. कालपर्यंत तिला कुणी कळवलंच नव्हतं! महिनाभर सराव बंद करून ती परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. आता चार दिवसांत काय पळणार, कपाळ!

मी तुझ्यावर चिडले, तू माझी मनधरणी केलीस, दोघींनी टिटवीची काळजी केली. या मुलीचं नाव आपल्या एकाही पत्रात नाही. मलाही ते काल विचारावं लागलं.

रविवारी सकाळी मला न्यायला ये. टिटवीला घेऊन ये, नको म्हणाली तरी. ती मुलगी बहुधा शेवटची येईल. ती येईपर्यंत आपण तिघींनी जागेवरून उठायचं नाही.

आत्या