बोटभर माया

प्रिय ढमाबाई,

हातमोज्यांचं काय झालं, असं तू परवा फोनवर पुन्हा विचारलंस आणि आईने फोन माझ्या हातात न देता परस्पर सांगून टाकलं, की बाबांना हल्ली फार कामं असतात. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. दुकान बंद केल्यापासून शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं एवढंच माझं काम. हातमोजे झालेले नाहीत आणि होणारही नाहीत. का, ते सवडीने सांगतो. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, कागदावर निदान तुझी बोलती बंद आहे.

मागच्या खेपेला तू तुझी बेस गिटार वरच्या खोलीत कपाटाच्या मागे उभी केलीस आणि निघताना 'विकून टाका' म्हणालीस, जुनी सायकल विकायला सांगावी तशी. गाडीच्या दारात चेमटल्यापासून करंगळी पुरती ताणली जात नाही, गिटारच्या मानेच्या टोकाकडच्या, पट्ट्यांमधल्या रुंद घरांपर्यंत पोचत नाही, मग ठेवून काय करायचं, हे तू हसत हसत सांगितलंस. तुझं ते हसू मला आवडलं नाही. रांगत असल्यापासून पातेली बडवून ज्या मुलीने ढमाबाई हे नाव कमावलं, तिने असं सहज हात झटकून मोकळं व्हावं? तू वर वाजवायला लागलीस की खाली माझ्या टेबलावर टाचण्यांची डबी थरथरायची आणि मी जिन्यातून ओरडायचो. आता डबी गप्प असते. मला करमत नाही, सरळच सांगतो.

उभा जन्म मी अल्टरेशनची कामं केली. अंगाला होत नाही म्हणून गिऱ्हाईक कपडा टाकायला निघालं, की मी आधी तो उलटा करून शिवण बघायचो. तुझी गिटारही उलटी केली. मागे चार स्क्रू दिसले, ते सोडवले, तर मान अख्खी सुटून माझ्या हातात आली. दारात उभ्या असलेल्या आईने कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र धीर आला, कारण जे उसवता येतं ते मापात आणता येतं.

तसाच उठलो आणि बाजारातल्या त्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. माणूस बोलायला कमी, पण भला. त्याने सांगितलं, आखूड मानेच्या बेसही असतात, त्यांची घरं जवळजवळ असतात आणि हात कमी ताणावा लागतो. तशी एक जुनी मान त्याच्याकडे पडूनच होती. फक्त मान आखूड झाली की तारा जिथे अडकतात तो ब्रिजही पुढे सरकवावा लागतो. मानेच्या वरच्या टोकापासून बाराव्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून ब्रिजपर्यंत. एवढं सोपं काम म्हटल्यावर मी ती मान घेतली आणि टेप गळ्यात अडकवून ऐटीत घरी आलो.

माप बरोबर घेतलं. खूणही बरोबर केली. आणि भोकं पाडली ती खुणेपासून बोटभर मागे! मुद्दाम नाही गं, हातच तसा गेला. जन्मभर कापड कापताना शिवणीला माया सोडत आलेला हात, तो एका दिवसात कसा ऐकणार? तारा चढवल्या, मोकळी तार छान लागली, पण बोट दाबत ब्रिजकडच्या पट्ट्यांकडे गेलो तसतसा सूर हवा त्यापेक्षा उतरत चालला. शेवटी कोणाला बरं नाहीये का, म्हणून आई स्वयंपाकघरातून बघायला आली. पुन्हा गिटार काखेत मारली आणि त्या दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं. त्याने टेप लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, ह्यात माया नसते.” दुकानात मी हसून घेतलं. पण घरी पोचलो तरी त्याचं ते म्हणणं काही मला पटलं नव्हतं.

असो. ब्रिज आता जिथे हवा तिथे बसलाय. मागे भोकांच्या दोन ओळी राहिल्या, एक मूळची आणि एक माझ्या हुशारीची. त्या लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवल्या आणि वर आईच्या डब्यातली काळी कोटाची बटणं चिकटवली. गिटार आता डबल-ब्रेस्टेड कोट घालून निघाल्यासारखी दिसते. आवाज कमी-जास्त करायचं बटण करकरत होतं, ते आईने बदललं. तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि हे मी लिहिलंय ते तिला सांगायचं नाही.

आता हातमोजे. त्याच खेपेला, तू 'विकून टाका' म्हणाल्यावर, हातमोजे शिवतो असं सांगून तुझा पंजा कागदावर ठेवून मी भोवती पेन्सिल फिरवली होती. करंगळी जमेल तेवढी ताण, म्हणालो, तर तू म्हणालीस, हातमोज्यासाठी बोटं ताणायला लावणारा शिंपी पहिल्यांदाच बघितला. ते माप ह्याचं होतं, पोरी. तो कागदी पंजा कापून नव्या मानेवर ठेवून पाहिला. करंगळी पोचते. काल तू धाडलेलं गिऱ्हाईक दारात आलं. मी त्याला सांगितलं, हा माल मापाने शिवलेला आहे, दुसऱ्याच्या अंगाला होणार नाही. तो बावचळून निघून गेला. तेव्हा गिटार विकलेली नाही, हे कळवायला हे पत्र. रजा मिळेल तेव्हा ट्रायलला ये. कुठे ओढलं, कुठे टोचलं तर सांग, पुन्हा उसवू. आणि तरीही नकोच वाटली, तर मी रुसणार नाही, पण एकदा हात लावून जा. टाचण्यांची डबी झाकण काढून टेबलाच्या कडेला ठेवली आहे.

तुझाच, टेप अजून गळ्यातच असलेला,
बाबा