तिची चूक कोणती?

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे.) तुझी दाढ काय म्हणते? भावोजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी नाही.

आमच्या मंडळाने यंदा ते शंभर वर्षांपूर्वीचं गाजलेलं नाटक काढलं. दिग्दर्शक मी, नवराही मीच. बायकोचं काम करणारी बाई ऐनवेळी बदली होऊन गेली, म्हणून तुझ्या भावजयीला उभं केलं. काम सोपं. तीन अंक ‘जशी आपली इच्छा’ एवढंच म्हणायचं आणि शेवटी गुडघे टेकून ‘माझी चूक झाली’ म्हणत रडायचं, की पडदा. पण ती पडली गणिताची शिक्षिका. (रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क देत नाही.) पहिल्याच तालमीला म्हणाली, “चूक कोणती?”

ताई, आम्ही अख्खं नाटक चाळलं. चूक कुठेच नाही! मग तालीम राहिली बाजूला, मंडळी चूक शोधायला बसली. खजिनदार म्हणाले, तिने उलट उत्तर दिलं असेल. (पण उलट बोलायला तिला वाक्य नको?) रंगभूषाकार म्हणाला, दूध उतू गेलं असेल. त्यावर ही म्हणते, “दूध तर दुसऱ्या अंकात नवराच सांडतो.” शेवटी मीच दरडावलं, “परंपरा आहे. रड!”

प्रयोगात मी गरजलो, “कळली का तुझी चूक?” ही शांतपणे म्हणाली, “नाही. सांगा ना.” प्रॉम्प्टरकडे पाहिलं, तर तो भराभरा पानं उलटतोय. एक आजोबा मदतीला धावले, “भाजीत मीठ जास्त झालं असेल!” त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या. मग सगळ्या बायकाच ओरडू लागल्या, “सांगा की हो!” मी पडदेवाल्याला खुणा केल्या, तो ढिम्म. कुणीतरी गुडघे टेकल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, असं मीच त्याला बजावलेलं. शेवटी मीच गुडघे टेकले! ‘माझी चूक झाली’ म्हणालो आणि खरोखरच रडलो. पडदा पडला, टाळ्या थांबेनात.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढचा प्रयोग तुमच्याच गावी आहे आणि सगळी तिकिटं बायकांनी घेतली आहेत. बाईला गुडघ्यावर आणण्याजोगी एखादी भक्कम चूक सुचली तर उलट टपाली कळव. भावोजींना विचारू नकोस, त्यांच्या यादीचं पार्सल करावं लागेल.

आणखी ता. क. : हे वाचून तुझी भावजय म्हणाली, “चूक कसली मागता, ताईंनाच नाटकात घ्या.” मी फक्त एवढंच विचारलं, “मग भावोजींच्या जेवणाचं काय?” उत्तर मंडळाच्या पत्त्यावर पाठव. सध्या मी रंगपटात झोपतो.