मिस्त्री, मी गाडीला हात लावला

प्रिय मिस्त्री,

सगळी चाळ तुम्हाला मिस्त्रीच म्हणायची, मीही तेच म्हणायचे. नवऱ्याला पत्र लिहिताना मायना काय घालतात ते मला ठाऊक नाही, कारण बारा वर्षांच्या संसारात तुम्ही मला सोडून एक दिवसही कुठं गेला नाहीत. आणि गेलात ते असे, की पत्ताही ठेवला नाहीत. बरं, असू दे. काल महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच दिवशी तुमच्या बायकोनं एक पराक्रम केला. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना, म्हणून सकाळीच लिहायला बसलेय.

आजवर तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. चिंचपोकळीच्या आपल्या गाळ्यासमोर त्या बुटक्या, उघड्या, दोन माणसांच्या विलायती गाड्या येऊन उभ्या राहायच्या. बोटीनं पार्ट यायचे जवळजवळ बंद झाले होते आणि मोठे वर्कशॉपवाले हात वर करायचे. तुम्ही मात्र हात पाठीमागं बांधायचात. 'ज्याची गाडी त्याचे हात' म्हणायचात, आणि वकील असो, डॉक्टर असो, गिरणीतला साहेब असो, कोट काढायला लावून त्याला गाडीखाली झोपवायचात. घरी जाऊन पुढं काय करायचं त्याची चिठ्ठी मी लिहून द्यायची.

'नवा पार्ट शोधण्याआधी जुना रॉकेलात धुऊन बघा.' 'पॉइंटांमधली फट पोस्टकार्ड जेमतेम जाईल इतकी ठेवा.' 'प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला तर कमी; आपल्याला बिस्किटाच्या रंगाचा हवा.' 'बुचाचं पॅकिंग आकसलं म्हणून फेकू नका, कोमट पाण्यात भिजत घाला.' अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील मी? गाडीत कधी बसले नाही, पण तिच्या पोटात काय काय असतं ते मला पाठ झालं.

तुमच्या त्या पाठीमागं बांधलेल्या हातांना मी हसायचे, आठवतं? 'आले इन्स्पेक्टर' म्हणायचे. मला वाटायचं ही तुमची ऐट. खरं कारण तुम्ही सांगितलंत ते शेवटच्या आजारात, तेही भिंतीकडे तोंड करून. पहिल्या नोकरीत एका शेटजीची गाडी तुम्ही चालू करून दिलीत आणि शेटजीनं तुमच्यासमोर ड्रायव्हरकडून स्टिअरिंग अन् सीट धुऊन घेतली. का, तर आपल्या जातीचा हात लागला म्हणून. त्या दिवसापासून परक्याच्या गाडीला हात लावायचा नाही, असं ठरवलंत. इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवलंत? खोकलाही असाच लपवलात. दोन्हींचा मला अजून राग आहे आणि तो मी इथं लिहून ठेवते.

तुम्ही गेल्यावर गाड्या यायच्या थांबल्या. दादरचे डॉक्टर दिघे, हिरव्या गाडीवाले, तेवढे येत राहिले. चिठ्ठी तर वहिनींच्याच अक्षरात असायची, मग वहिनींनाच विचारतो, म्हणाले. पण तुमचे धाकटे भाऊ, दगडूभाऊजी, त्यांना ते पटेना. एक दिवस गाळ्याच्या दारात उभे राहिले.

"वैनी, गाळा सोडून टाकू. दादा व्हता तवर ठीक व्हतं. बाईमानसाच्या सांगन्यावरनं गाडी कोन खोलनार?"

"डॉक्टर खोलतायत की."

"डॉक्टर भला मानूस हाय म्हनून येतो. बरं, एक करा. राज्य व्हईल त्या दिवशी त्यांची गाडी मिरवनुकीत चालवून दाखवा. मधी बंद पडली तर दादाची पाटी मी उतरवीन. बोला, कबूल?"

मी कबूल म्हटलं. रागात म्हटलं, खोटं कशाला बोलू? तुमच्या नावाची पाटी उतरली असती तर माझ्यापाशी तुमचं असं काय उरलं असतं?

मिरवणूक आपल्या डिलाईल रोडच्याच लोकांनी ठरवली होती, दादरहून लालबागपर्यंत. पुढं उघड्या गाडीत तात्यांना बसवायचं होतं. समोरच्या चाळीतले तात्या, ज्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी राज्यासाठी गोळी लागून गेला. म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेलेत. चालत तर ते दाराबाहेरही येऊ शकले नसते.

आठ दिवस मी डॉक्टरांच्या दारात अगदी तुमच्यासारखी हात मागं बांधून उभी राहिले आणि डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी गाडी नीट केली. प्लग झाले, पॉइंट झाले, तेल बदललं, पाण्याचे पाइप आवळले. गाडी अशी गोड चालायला लागली, की बोनेटवर ठेवलेला कप हलेना. मी मनात म्हटलं, भाऊजी, आता या.

काल सकाळी दादरला पोचले तर गल्लीत झांजा, लेझीम, गुलाल, आणि गाडी पिसाळलेली. पॅडलवरून पाय काढला तरी इंजिनाचा वेग खाली येईना. गिअर टाकला की पुढच्या लेझीमवाल्यांच्या अंगावर झेप घ्यायची. अशी गाडी माणसांच्या पावलानं कशी चालवणार? टॅक्सीनं आणलेले तात्या आत बसलेले, मांडीवर मुलाचा फोटो. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. आणि भाऊजी कोपऱ्यावर हातगाडी घेऊन तयार. हातगाडीला हारसुद्धा घालून आणलेला.

"वैनी, तात्यांना हितं बसवू का?"

मी डॉक्टरांकडे वळले. तुमचा नेहमीचा पहिला प्रश्न आठवला, तोच विचारला. गाडी कशी बिघडली ते सांगू नका, बिघडायच्या आधी काय केलंत ते सांगा.

"काहीच केलं नाही हो," डॉक्टर म्हणाले. "केबल पाहिली, स्प्रिंग पाहिली, तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच सगळं. रात्रीपर्यंत उत्तम होती. सकाळी फक्त आईनं पूजा केली."

डॉक्टरांच्या आई पायरीवर उभ्या होत्या, सत्तरीच्या, नऊवारीतल्या. मी विचारलं, "आई, पूजा कशी केलीत?"

"कशी म्हणजे? हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, अक्षता टाकल्या."

"अक्षता कुठं टाकल्या?"

"इंजिनावर. झाकण उघडंच होतं. म्हटलं, गाडीचा जीव तिथंच तर असतो."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "कार्बोरेटरच्या तोंडावरच्या जाळ्या कुठायत?"

डॉक्टर खाली बघायला लागले. वेग वाढतो असं कुणीसं सांगितलं म्हणून परवाच काढून ठेवल्या होत्या. मिस्त्री, तुमच्या किती चिठ्ठ्यांत मी लिहिलं असेल, 'जाळी काढू नका'? माणसं शिकलेली असली की चिठ्ठी अर्धीच वाचतात. दोन कार्बोरेटर, दोन उघडी तोंडं, आणि त्यांत आईंचे तांदूळ. आतली पितळी चकती मिटायला जायची आणि कडेला दाणा अडकून उघडीच राहायची. मग इंजिन खाली कसं येणार?

गाडी बंद करून डॉक्टरांनी आपला चिमटा आणला. एका हातानं वाट अडवणारा वरचा दट्ट्या उचलायचा, दुसऱ्यानं दाणा काढायचा. पण चिमटा सरळ आणि वाट वाकडी. दाणा निसटून इंजिनात गेला असता तर पुढं काय, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी दोनदा चिमटा आत घातला, दोनदा रिकामाच बाहेर काढला. शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"वहिनी, माझ्यानं नाही होणार. तुम्ही काढा."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? नाही म्हणाला असतात. मला माहीत आहे, मान ताठ ठेवून नाही म्हणाला असतात आणि पाटी गेली तरी चालेल म्हणाला असतात. मीही क्षणभर तशीच उभी राहिले. सगळी गल्ली बघत होती. मग तात्या आतून म्हणाले, "पोरी, घाल हात. मी हातगाडीवरनं नाय जानार."

मी हात पुढं घेतले. अंबाड्यातला आकडा काढला, टोक जरा वाकवलं. तांदूळ निवडण्यात माझा जन्म गेलाय, मिस्त्री. तांदळातून खडे काढणारीला चकतीच्या कडेचा दाणा काय अवघड? एक निघाला. दुसरा निघाला. दुसऱ्या कार्बोरेटरातून तिसरा. तिन्ही पिवळेजर्द. डॉक्टरांनी गाडी चालू केली, पाय काढला, आणि ती शहाण्या मुलीसारखी खाली आली.

तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या. मला शेटजीची ती धुतलेली सीट आठवली. आता हे पाणी कशावर पडणार? मी दोन पावलं मागं सरले.

"हात पुढं कर, बाई," त्या म्हणाल्या. "किती काळे झालेत बघ. माझ्या मेलीच्या अक्षतांपायी."

माझ्या हातांवर त्यांनी स्वतः पाणी ओतलं. मग फुलपात्र भरून पुढं केलं, केव्हाची उन्हात उभी आहेस म्हणून. मी तोंड लावून प्यायले. त्यांनी ते फुलपात्र घेतलं, तांब्यावर पालथं घातलं आणि घरात घेऊन गेल्या. गाडी कुणी पुसलीसुद्धा नाही. एका फुलपात्रानं सगळं फिटलं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तिथं असायला हवे होतात, एवढं नक्की म्हणते.

रेडिएटरच्या तोंडावरचा झेंडूचा हार मीच उतरवला आणि तात्यांच्या गळ्यात घातला. वारा नाही मिळाला तर पाणी उकळतं, हे सगळ्या गल्लीला मोठ्यानं सांगितलं. मग निघालो. लालबागपर्यंत दोन तास, पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या पावलानं. एकदाही अडखळली नाही, एकदाही थांबली नाही. परळ नाक्यावर बाया गॅलऱ्यांतून फुलं टाकत होत्या, तात्या फोटो वर धरून रडत होते, आणि मी गाडीच्या दारावर हात ठेवून चालत होते. खुशाल ठेवला होता, आणि सबंध वाट उचलला नाही.

लालबागला भाऊजी गर्दीतून वाट काढत आले. तोंडावर गुलाल, मागं रिकामी हातगाडी. आधी तात्यांच्या पाया पडले. मग म्हणाले, "वैनी, दादाच्या पाटीखाली जागा हाय. रंगारी इचारतोय, तुमचं नाव काय लिवू?"

मिस्त्री, परवा गिरगावातून एक लाल गाडी येतेय. क्लच घसरतो म्हणे. चिठ्ठ्या मी लिहीत राहीन, मालकांना शिकवतही राहीन. पण तुमचा तो नियम मी मोडलाय आणि आता तो जोडणार नाही. आपल्या गाळ्यात यापुढं गाडी मी उघडीन, माझ्या हातांनी. ज्याला हा हात चालत नसेल त्यानं गाडी ढकलत परत न्यावी. हे माझं तुम्हाला वचन.

रंगाऱ्याला सांगितलं तेच नाव खाली घालते.

तुमची,
सगुणा मिस्त्री