नुसतं कुणी म्हणतच नाही

७ फेब्रुवारी १९७८

हे त्सिबुलकाचं नाही! पैज लावते. सकाळी त्याचं नवं बाड उघडलं. तीच इंग्लंडातल्या विधवेची कादंबरी, मीच त्याला अनुवादाला दिलेली. चहा गार झाला तरी मान वर केली नाही. आणि मग मनात पाल चुकचुकली.

त्सिबुलकाची चेक भाषा मला पाठ आहे. त्याची पाच पुस्तकं मीच तपासून छापायला पाठवली. इंग्रजीत वाक्य तुटकं, तर ह्याचंही तुटकं. इंग्रजीत पानभर ‘ती म्हणाली, तो म्हणाला’, तर ह्याचंही तेच. इंग्रजांना त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे मात्र शाळकरी पोरानं एक शब्द दोनदा वापरला तरी बाई लाल रेघ मारतात. त्सिबुलकाला कुणी मारलीच नसावी! सगळं कसं बिनमिठाच्या उकडलेल्या बटाट्यासारखं.

आणि ह्या बाडात नुसतं कुणी म्हणतच नाही. विधवा पुटपुटते, दीर खेकसतो, पाद्री घसा खाकरून सुचवतो. चार तुटकी वाक्यं एका लांब वाक्यात अशी गुंफलीत की जोड कुठे ते सापडत नाही. साठीचा माणूस एका हिवाळ्यात असं लिहायला लागतो होय?

८ फेब्रुवारी

ओळखलं.

नाव इथेसुद्धा लिहीत नाही. त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणेन. विद्यापीठात त्या आम्हाला इंग्रजी आणि चेक उतारे शेजारी शेजारी ठेवून शिकवायच्या. “इंग्रज सांगून मोकळा होतो, आपण सांगता सांगता रेंगाळतो. त्याला आपल्या घरी आणलंत ना? मग आपलं ताट वाढा, त्याच्याच डब्यातलं काय खायला घालता!” पक्षाविरुद्ध बोलल्या म्हणून सत्तर साली त्यांना काढून टाकलं. हल्ली कुठल्याशा नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळतात म्हणे. त्यांचं नाव छापायला बंदी.

म्हणजे त्सिबुलकानं स्वतःचं नाव उसनं दिलंय! लोक करतात असं. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. पण उघडकीला आलं तर त्याला पुन्हा काम मिळायचं नाही. आणि बाईंच्या घराची पुन्हा झडती.

मी ओळखलं तर आणखी कुणी का ओळखणार नाही?

९ फेब्रुवारी

अपोलेनानं शेजारच्या टेबलावरून खसखशीचा केक पुढे केला. “काय गं ब्लाझेना, एवढी रंगलीस? तेही त्सिबुलकाच्या पुस्तकात?”

ह्या बयेनं मला आजवर कधी पाणीसुद्धा विचारलेलं नाही. आणि बाईंच्या वर्गात तीही होती, मागच्या बाकावर!

केक खाल्ला. खाल्ला नसता तर मी घाबरलेय ते तिला कळलं असतं.

१३ फेब्रुवारी

आमच्या प्रकाशनगृहाचे संचालक कोउकल जिन्यात भेटले. “कॉम्रेड, तुमचे त्सिबुलका ह्या वेळी बहरलेत म्हणे.”

म्हणे! कोण म्हणे?

“अजून वाचतेय, कॉम्रेड संचालक.”

“शुक्रवारी बाड घेऊन या. मलाही बघू दे.”

दिवसभर अपोलेना शीळ घालत फायली लावत होती. शीळ कशाला घालायची माणसानं?

१४ फेब्रुवारी

उपाय एकच. बाडाचा पुन्हा त्सिबुलका करायचा.

‘पुटपुटली’ खोडलं, ‘म्हणाली’ लिहिलं. ‘खेकसला’ खोडलं, ‘म्हणाला’. लांब वाक्य दिसलं की तोडायचं. एका ठिकाणी विधवा नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढते, ते सबंध पानभर एकच वाक्य आहे. ते तोडताना रडू आलं. सरळ रडले. अपोलेनाला म्हटलं, सर्दी.

बाईंसाठीच करतेय. त्यांच्याच लेकरांचे हातपाय तोडतेय, पण त्यांच्यासाठीच.

१५ फेब्रुवारी

म्हणाली, म्हणाला, म्हणाली.

१७ फेब्रुवारी

कोउकलनी दोन पानं चाळली. जांभई दिली! “छे, हा तर आपला जुनाच त्सिबुलका. पाठवा छापायला.”

सुटले. बाई सुटल्या! जिना उतरताना गाणं म्हणावंसं वाटलं.

आत्ता कॅलेंडर बघताना कळलं, नऊ तारखेला अपोलेनाचा नामदिवस होता, तिच्या नावाच्या संतिणीचा सण. केक सगळ्या खोलीला होता. मी साधं अभिनंदनही केलं नाही. असो. तरीही तिच्यावर नजर ठेवलेली बरी.

६ जून

त्सिबुलका मुद्रितं बघायला आला. दोन पानं उलटली आणि पांढराफटक पडला. “हे... हे सगळं तुम्ही बदललंत?”

अपोलेना समोरच. मी डोळ्यांनी खूण केली. “तुमच्याच भल्यासाठी हो.”

तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग सही केली. माझ्याकडे न बघताच निघून गेला. बिचारा! आभार मानायचीही चोरी.

१६ नोव्हेंबर

पुस्तक आलं. मुखपृष्ठ बरं आहे. आतलं वाचवत नाही. पण बाई सुखरूप आहेत. मी वाचवलं त्यांना, आणि त्यांना कधी कळणारही नाही. ह्याचा थोडा गर्व वाटतो, इथे लिहायला काय हरकत आहे?

२३ नोव्हेंबर

त्सिबुलकानं ट्रामच्या थांब्यावर गाठलं. बाई हॉस्पिटलात आहेत. पुस्तक त्यानं परवाच नेऊन दिलं.

त्याच्या नावावरची आधीची पाचही पुस्तकं बाईंचीच होती. कुणाला संशय येऊ नये म्हणून जाणूनबुजून अळणी लिहायच्या. ह्या वेळी डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा म्हणाल्या, एक तरी माझ्यासारखं होऊ दे. त्सिबुलकाच घाबरला होता. तर बाई हसल्या. “ब्लाझेनाच्याच टेबलावर जाणार ना? मग ती ओळखेल. एक शब्द हलवायची नाही.”